ओल्या हाताचे माप

नीलकंठरावांच्या यंत्राच्या दोन पट्ट्यांना मिळून अठ्ठ्याण्णव कड्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक कडी कोणत्या दिवशी लेथवरून उतरली याची नोंद त्यांच्या वहीत होती. वीस टनांच्या पोकलेनची ती एक-अष्टमांश प्रतिकृती. लांबी सव्वा मीटर, वजन बावन्न किलो. रिमोटवर चालायची, पण तिला खेळणे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मोठ्या यंत्रासारखाच तिच्या पोटात पंप होता, पंपातून तेल सिलिंडरांत जायचे आणि तेलाच्या दाबाने बूम, म्हणजे धडाला जोडलेला लांब दांडा, उचलली जायची. सहा वर्षे हे काम चालले होते, रोह्यातल्या त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

"सहा वर्षं आम्ही ओट्यापाशी पाट मांडून जेवतोय," वृंदाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "टेबलावर साहेब बसलेत ना."

साहेबांना टेबलावरून हलवण्याची वेळ आली ती ऋजुताच्या फोनने. ऋजुता ही नीलकंठरावांची जुनी विद्यार्थिनी. ज्या प्रशिक्षण संस्थेत त्यांनी तेहतीस वर्षे शिकवले, तिच्या वर्कशॉपची ती आता प्रमुख होती.

"सर, पोकलेन ऑपरेटरचा नवा वर्ग सुरू होतोय. मोठ्या यंत्रावर चढवण्याआधी मुलांचा हात लहान यंत्रावर बसवायचा, असं ठरलंय. वर्कशॉपचा मधला चौथरा त्यासाठी रिकामा केलाय."

मधला चौथरा म्हणजे छतातल्या काचेखालचा. सकाळी दहाला त्यावर नेमके ऊन पडते. तिथे आपले यंत्र उभे आहे आणि भोवती मुले वाकून पाहत आहेत, हे चित्र नीलकंठरावांनी सहा वर्षांत कितीदा तरी मनात पाहिले होते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांना दुसरे काही नको होते.

"पण चौथरा एकच आहे," ऋजुता पुढे म्हणाली, "आणि यंत्रं दोन आली आहेत. एक तुमचं. दुसरं गडबच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात एकानं बनवलंय. जनू म्हात्रे नाव. डोलवीला कंत्राटावर पोकलेन चालवतो. तुम्हीच दोन्हींची चाचणी घ्या आणि कोणतं ठेवायचं ते लिहून द्या."

"स्पर्धकानेच परीक्षक व्हायचे?"

"फिटिंगच्या जॉबला तुम्ही मला अर्ध्या मिलिमीटरसाठी नापास केलं होतंत, सर. तेव्हापासून तुमच्याशिवाय कुणाचं माप मला खरं वाटत नाही."

नीलकंठरावांनी चाचणीचा तक्ता तयार केला. खोदण्याचा वेळ, उचलण्याचे वजन, तेलाचे तापमान. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिले: नकाशे. नकाशांशिवाय कोणतेही यंत्र वर्कशॉपात घ्यायचे नाही, हा नियम संस्थेत त्यांनीच नोकरीत असताना घालून दिला होता. त्यांच्या यंत्राचे बेचाळीस नकाशे होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात सही आणि तारीख.

रविवारी सकाळी जनू टेम्पोतून यंत्र घेऊन आला. चाळिशीचा, काळासावळा, अंगाने आटोपशीर. अंगणात फळी लावून त्याने यंत्र उतरवले आणि नीलकंठरावांनी चष्मा पुसला.

पट्टे मोटारसायकलच्या साखळ्यांचे होते. साखळीच्या दर दुव्यावर लोखंडी पट्टीचा तुकडा जोडला होता. सिलिंडर स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरचे. पंप कुठल्याशा भंगारातल्या गाडीच्या स्टिअरिंगचा. वेल्डिंगचे टाके झाकण्याचा प्रयत्नही केलेला नव्हता. आकाराने मात्र ते नीलकंठरावांच्या यंत्राला जवळपास बरोबरीचे होते.

"रंग नाही दिला?" नीलकंठरावांनी विचारले.

"दिल्ता ना मास्तर. चिखलानं खाल्ला."

"नकाशे आणलेत?"

जनूने डोके खाजवले. "नकाशा नाय. हाय ता ह्योच."

नीलकंठरावांनी शेवटच्या रकान्यासमोर फुली मारली. हाताला ती फुली मारताना थोडे बरे वाटले, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी पेन खाली ठेवले.

कुंडलिका नदीच्या वाळूचा ढीग अंगणात तयारच होता. त्यातली वाळू खोक्यात भरायची. नीलकंठरावांच्या यंत्राने ते काम अकरा मिनिटे चाळीस सेकंदांत केले. जनूच्या यंत्राला तेरा मिनिटे पंचवीस सेकंद लागली. वजन उचलण्यात नऊ किलो विरुद्ध साडेसात. तेलाचे तापमान एकेचाळीस अंश आणि अठ्ठावन्न. तिन्ही रकाने स्वच्छ, निःसंदिग्ध. तक्ता तिथेच संपत होता.

पण जनूचा रिमोट अजून खाली ठेवला गेला नव्हता. खोके भरले होते आणि वाळू वर उंचसखल राहिली होती. त्याने बकेटची पाठ वाळूला टेकवली आणि ती मागे ओढली. बूम वर जात होती, बूमच्या टोकाला जोडलेली स्टिक आत येत होती, बकेट हलकेच कलत होती. तिन्ही हालचाली एकाच वेळी होत होत्या आणि एकीचा जोड दुसरीला दिसत नव्हता. एखादी बाई अंगण सारवताना हात फिरवते, तसे ते लोखंड फिरत होते. दोन फेऱ्यांत वाळू सपाट झाली.

नीलकंठराव आत गेले, पाणपातळी घेऊन आले आणि वाळूवर ठेवली. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला. त्यांनी पाणपातळी आडवी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा मध्येच. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. शेवटी वृंदाताई म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय."

"हे तुम्ही कसे केलेत?"

"कसं म्हंजे? हात फिरवला."

चहा पिताना जनूने वाळू चिमटीत घेऊन पाहिली. "मास्तर, ही नदीची रेती. कोणाच्याबी हातातून सुटते. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात असली माती नाय. एकदा बांधावर बगू या का?"

नीलकंठरावांना नाही म्हणता आले असते. तक्ता पुरा झाला होता आणि नकाशांचा रकाना तर निर्णायकच होता. पण तेहतीस वर्षे त्यांनी मुलांना सांगितले होते, की एका मातीत घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे, ती आवड होय.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "ओहोटी किती वाजता आहे?"

"अकराला लागेल."

त्या रविवारी ते आणि वृंदाताई यंत्र गाडीत बांधून कोलाडमार्गे निघाले. खांबपाशी वाहतूक तुंबली तेव्हा नीलकंठरावांनी मागे वळून तीन वेळा यंत्राचे दोर तपासले. गडबच्या पुढे महामार्ग सोडला आणि रस्ता शेतांमधून खाडीकडे गेला. ऋजुता आधीच येऊन थांबली होती.

बांध म्हणजे मातीची एक लांबच लांब वरंबी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेते, आणि शेतांची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली. त्या वरंबीने अमुक इतकी जमीन समुद्रापासून राखली आहे, हे नीलकंठरावांना आकड्यांत माहीत होते. पण बांधावर उभे राहून डावीकडे चिखलात रुतलेली होडी आणि उजवीकडे तिच्याहून खोल असलेली शेते एकाच वेळी पाहिल्यावर त्यांना क्षणभर पायांखाली पोकळी असल्यासारखे वाटले.

जनूची आई सीताबाई बांधावर आधीच येऊन बसली होती. सत्तरी ओलांडलेली, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. तिने वृंदाताईंना पाहून शेजारची जागा पदराने झाडली. "ये गो, बस. पुरुषांचा खेळ चालू दे."

"आमच्या घरी सहा वर्षं चाललाय," वृंदाताई म्हणाल्या.

"आमच्याकडं तीन. मोरीत तेल सांडतो मेला."

चाचणी साधी होती. बांधाच्या पायथ्याचा चिखल उचलायचा आणि बांधावर ठेवलेल्या घमेल्यात टाकायचा. प्रत्येकी वीस फेऱ्या, मग चिखलाचे वजन.

नीलकंठरावांनी रिमोट हातात घेतला. पहिली बकेट भरली, वर आली, घमेल्यावर कलली. अर्धा चिखल पडला, अर्धा आत राहिला. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी पडला. पाचव्या खेपेपर्यंत बकेट ही बकेट उरलीच नव्हती. तो चिखलाचा एक गोळा होता, जो दुसऱ्या चिखलाला जाऊन टेकत होता आणि रिकामा परत येत होता. त्यांनी बकेट झटकली. आपटली. त्या नाजूक पिनांचा आवाज त्यांच्याच दातांत वाजला. वीस फेऱ्यांनंतर काट्यावर सतरा किलो भरले. गणिताप्रमाणे पन्नास भरायला हवे होते.

आपण कुठे चुकलो, हे त्यांना तिथेच, रिमोट हातात असतानाच उमगले आणि त्यांचे कान तापले. त्यांनी लांबी आठपट कमी केली होती. त्यामुळे बकेटमधल्या मातीचे वजन पाचशे बारा पटींनी घटले होते. पण माती जिथे चिकटते तो पत्रा चौसष्ट पटींनीच घटला होता. मोठ्या यंत्रात चिखल स्वतःच्या भाराने खाली पडतो. लहान यंत्रात त्याला तो भारच नव्हता. प्रत्येक गोष्ट आठाने भागणाऱ्या माणसाने मातीचा चिकटपणाही निमूटपणे आठाने भागला जाईल, असे धरले होते. यंत्रात कुठेही चूक नव्हती. माती मात्र नकाशाबाहेर राहिली होती.

"आता तुम्ही," ते जनूला म्हणाले.

जनूने यंत्र बांधावर आणले. खोदण्याआधी त्याने बूम वळवली, बाजूच्या चरातल्या पाण्यात बकेट बुडवली आणि वर काढली. मग चिखलात घातली. भरलेली बकेट घमेल्यावर आली, कलली आणि चिखल एका तुकड्यात, सुळकन, खाली उतरला. पुन्हा पाणी, पुन्हा चिखल. पाण्याच्या त्या फेरीत तीन सेकंद जात होते. नीलकंठराव घड्याळावर मोजत होते. पण सातव्या खेपेनंतर त्यांनी घड्याळाकडे पाहणे सोडले.

ते यंत्र पुढे वाकत नव्हते. नीलकंठरावांच्या यंत्राला चिखल घेण्यासाठी बूम लांब फेकावी लागत होती आणि प्रत्येक वेळी त्याची मागची बाजू किंचित उचलली जात होती. जनूचे यंत्र आपल्या पायापासचा चिखल उचलत होते, अंगाशी आणत होते आणि शेजारी ठेवत होते. ठेवल्यावर बकेटच्या पाठीने त्याला एक थाप देत होते. बेढब टाके, साखळ्यांचे पट्टे, भंगारातला पंप, आणि त्यातून निघणारी ती हालचाल इतकी ओळखीची वाटत होती, की नीलकंठराव नकळत पुढे सरकले. ही हालचाल आपण कुठे पाहिली आहे, ते त्यांना आठवेना.

वीस फेऱ्या. काट्यावर चव्वेचाळीस किलो.

"सर, तुम्हीही पाण्यात बुडवून बघा," ऋजुता म्हणाली. आपल्याला बरे वाटावे म्हणून ती हे म्हणते आहे, हे त्यांना कळले. तरी त्यांनी तसे करून पाहिले. सत्तावीस किलो भरले. पाण्याने सुधारणा झाली, पण कारखान्याच्या बकेटवरून उतरवलेली ती खोल, आत वळलेली पाठ चिखलाला धरूनच ठेवत होती. जनूची बकेट तोंडाशी रुंद होती, तळाशी उथळ.

नीलकंठराव चिखलात गुडघ्यांवर बसले. वृंदाताईंनी "अहो, धोतर नाहीये ते, पँट आहे," एवढेच म्हटले. त्यांनी खिशातून टेप काढला आणि जनूच्या यंत्राची बूम मापली. साठ सेंटिमीटर. स्टिक मापली. अठ्ठेचाळीस. त्यांनी पुन्हा मापले. त्यांच्या स्वतःच्या यंत्राची बूम एकाहत्तर होती आणि स्टिक छत्तीस. दोन्ही बेरजा जवळपास सारख्या, एकशे आठ आणि एकशे सात. एकूण पोच तीच, फक्त ती निराळ्या जागी वाकत होती. कोणत्याही पुस्तकात बूम आणि स्टिकचे हे प्रमाण त्यांनी पाहिले नव्हते. विद्यार्थ्याने असा नकाशा आणला असता, तर त्यांनी तो लाल पेनाने परत केला असता.

"हे माप कुठून घेतलेत?"

जनू हसला आणि पहिल्यांदाच थोडा लाजला. "आता काय सांगू मास्तर. आयचा हात."

"म्हणजे?"

"सुतळी घेतली. खांद्यापासून कोपरापर्यंत मोजली, कोपरापासून मनगटापर्यंत मोजली, आन दुप्पट केली. दुसरं माप कुठून आणनार? बांधाचं काम सगळ्यात बेस तिलाच येतं. सगळा गाव बोलतो."

"कायबी बोलतो ह्यो," सीताबाई म्हणाली. "तवा सगळ्यांनाच येत होतं. उधाणाला बांध फुटला, खांड पडली, का उभा गाव धावायचा. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चिखल. मोठं पोकलेन हितं आणलं तर बांधासकट खाली जाईल. मानसाचाच हात लागतो."

"आणि पाण्यात बुडवणे?"

सीताबाईने त्यांच्याकडे असे पाहिले, की एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो. "सुक्या हाताला चिखल सोडल व्हय? हात वला करायचा, मंग घ्यायचा. मिठागरात फावडंबी वलंच करतात."

तिने बसल्या जागी दाखवले. हात चराच्या पाण्यात बुडवला, पायापासचा चिखल पसाभर उचलला, अंगाशी आणला, शेजारी ठेवला आणि हाताच्या पाठीने त्याला एक थाप दिली.

नीलकंठरावांना आठवले, ती हालचाल त्यांनी कुठे पाहिली होती. दहा मिनिटांपूर्वी, लोखंडात.

"बाई, तुमची हरकत नसेल तर," त्यांनी टेप पुढे केला.

"मापा की. काय ब्लाउज शिवताय?"

वृंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. सीताबाईने हात लांब केला. चिखलाचा पातळ थर त्यावर वाळू लागला होता. खांदा ते कोपर, तीस सेंटिमीटर. कोपर ते मनगट, चोवीस.  शेतांना समुद्रापासून राखणाऱ्या त्या मैलोगणती वरंबीकडे नीलकंठरावांनी पाहिले. ती सगळी याच मापाने रचलेली होती. तीस आणि चोवीस. ओंजळीमागून ओंजळ. कोणीही त्याचा नकाशा काढला नव्हता, आणि भरती रोज दोनदा येऊन तो तपासून जात होती.

ऋजुता त्यांच्याजवळ आली. तिने आवाज खाली आणला. "सर, नकाशांचा रकाना आहे. तुम्ही त्यावरच निर्णय दिलात, तरी कोणी चुकीचं म्हणणार नाही. नियम आहे."

"नियम माझाच आहे," नीलकंठराव म्हणाले.

सकाळी दहाचे ऊन. छतातली काच. वाकलेली मुले. सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकदा गेले. त्यांनी तक्ता मांडीवर घेतला, त्यात "माती: खारेपाट" अशी नवी ओळ आखली आणि आकडे भरले. सतरा. चव्वेचाळीस. पाणी वापरून सत्तावीस. खाली निर्णय लिहिला: या भागातील मुले ज्या मातीत काम करतील, त्या मातीत जनू म्हात्रे यांचे यंत्र सरस आहे. चौथऱ्यावर तेच ठेवावे. सही केली. मग नकाशांच्या रकान्यातल्या फुलीवर एक रेघ ओढून त्यांनी शेजारी लिहिले: नकाशे एका महिन्यात सादर होतील.

"मास्तर, मला नकाशा येत नाय," जनू घाईने म्हणाला.

"मला येतो."

जनूने यंत्राच्या बकेटला लागलेला चिखल बोटाने पुसला, पुसलेले बोट सदऱ्याला पुसले. "पण तुमचं यंत्र?" तो म्हणाला. "सहा वर्षं—"

"ते टेबलावर राहील."

"म्हणजे आपण ओट्यापाशीच," वृंदाताई सीताबाईला म्हणाल्या. पण परतताना गाडीत त्यांनी नीलकंठरावांचा चिखलाने भरलेला हात बराच वेळ धरून ठेवला. हात धुवायला सांगितले नाही.

पुढचे तीन आठवडे जनूचे यंत्र रोह्यात, नीलकंठरावांच्या घरी, त्यांच्या यंत्राशेजारी उभे होते. त्यांनी ते सुटे केले नाही. जसे आहे तसे मापले. एकही टाका सरळ नव्हता आणि एकही पिन चुकीच्या जागी नव्हती. सिलिंडर कुठे बसवला की कोपर कसा वाकेल, हे जनूने हिशेबाने काढले नव्हते. वाकवून, पाहून, काढून, पुन्हा टाका मारून शोधले होते. लोखंडावर जुन्या टाक्यांचे व्रण होते. नीलकंठराव प्रत्येक व्रणाशी थांबत आणि आधीची जागा का चुकली असेल, याचे गणित मांडत. दर वेळी उत्तर जनूच्या दुसऱ्या टाक्याशी येऊन थांबत असे. रात्री जेवताना वृंदाताई वाढत आणि विचारत, "आज काय सापडलं?" ते म्हणत, "पुन्हा बरोबर निघाले."

एकेचाळीस नकाशे झाले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिले: मूळ माप, सीताबाई म्हात्रे यांचा उजवा हात. प्रमाण, दोनास एक.

एक नकाशा मात्र निघेना. बकेटचा वाक. तो वर्तुळाचा तुकडा नव्हता, दोन वर्तुळांचाही नव्हता. त्यांनी कंपासाने प्रयत्न केला, पुठ्ठा कापून साचा केला, तरी रेघ कुठेतरी सुटायचीच. शेवटी त्यांनी जनूला फोन केला.

"तो मोजला नाय मास्तर," जनू म्हणाला. "पत्रा गरम केला आन आयच्या ओंजळीकडं बगत ठोकला."

महिना संपायच्या आतल्या रविवारी नीलकंठराव आलेख-कागदाची गुंडाळी आणि टोक काढलेल्या पाच पेन्सिली घेऊन पुन्हा बांधावर गेले. एका फळीवर त्यांनी कागद ताणून, चार कोपऱ्यांना टाचण्या मारून बसवला. सीताबाई समोर बसली. तिने आपला हात आधी उलटा, मग सुलटा करून पाहिला, जणू तो तिलाही नवा होता.

"एका हाताची ओंजळ धरा, बाई. चिखल उचलताना धरता तशी. आणि कडेवर उभी टेकवा, म्हणजे मला बाजूने रेघ काढता येईल."

तिने हात पुढे केला, पण कागदाला टेकवला नाही.

"आसा सुकाच?" तिने विचारले. "सुका हात वायला वाकतो, वला वायला. का वला करू?"

नीलकंठरावांनी कोऱ्या कागदाकडे पाहिले. पाण्याने तो फुगला असता, चौकोनांच्या रेघा हलल्या असत्या. त्यांनी पेन्सिल उचलली.

"ओला करा," ते म्हणाले.